धोट्यातून ओढलेला श्वास

पहाटेचे पाच. एप्रिल आहे आणि सोलापूर आहे, म्हणजे गच्चीवर झोपलेल्यांनी ऊन चढायच्या आत डोळा लावून घ्यायची शेवटची संधी. तुम्ही मात्र चादरीची घडी करून तिच्यावर मांडी घालून बसला आहात. मोबाइलमधली बाई मऊ आवाजात सांगते, श्वासाकडे लक्ष द्या. आत जातोय, बाहेर येतोय. तुम्ही लक्ष देता. तिसऱ्या श्वासाला मन नव्या पेठेतल्या दुकानात जातं, चौथ्याला घराच्या हप्त्यावर, पाचव्याला मेहुण्याच्या त्या वाक्यावर, जे तो दिवाळीत बोलला होता. बाई म्हणते, हरकत नाही, परत या. तुम्ही परत येता. आता घंटा वाजेल आणि दहा मिनिटं संपतील.

घंटा वाजते, पण संपत नाही. लांबत जाते, जाड होते, घशातून यावी तशी घोगरी होते, आणि तो भोंगा असतो.

“उठ की बे. भोंगा ऐकू येईना का?”

अंगाखाली चादर नाही, पोतं आहे. थंडी वाजतेय. एप्रिल कुठल्या कुठे गेला. बाहेर धूर, शेणी, जळका कोळसा असा एक मिसळलेला वास आणि अंधारात गिरणीच्या फाटकाकडे निघालेली शेकडो माणसं. अनवाणी पायांचा आवाज पावसासारखा येतो. तुम्हाला उठवणारे तात्या पुढे चालतात. तुम्ही त्यांच्या मागे, नवा बदली कामगार. ४ जानेवारी १९३८. गड्ड्याची जत्रा आठवड्याभरावर आलीय, कुठेतरी नंदीध्वज पेलायचा सराव चालला असणार.

सोलापुरात जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली, मग एकामागून एक उभ्या राहिल्या. तुम्ही त्यातल्या कोणत्या गिरणीत शिरलात ते विचारू नका. आत सगळ्या सारख्याच. सूतखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवलेली असते, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. भिजलेल्या कापसाचा, तेलाचा, माणसांच्या घामाचा वास. नाकाच्या केसांवर पांढरा पुंजका धरायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

तात्या तुम्हाला चात्यांच्या लांबलचक रांगेसमोर उभं करतात. शेकडो बॉबिन गरगरताहेत. कुठला तरी एक धागा तुटतो. तुम्हाला दिसतच नाही. तात्यांना दिसतो. ते बोटाने चाती थांबवतात, बॉबिनवरचं टोक शोधतात, वर नेऊन रुळातून येणाऱ्या कापसाच्या पेळूला भिडवतात. सांधा झाला. हे सगळं एका श्वासात. पुढच्या क्षणी आणखी एक तुटतो.

“तुटतंच,” तात्या कानाशी तोंड आणून ओरडतात. “तुटलं म्हणून धागा वाईट नाही, तूबी वाईट नाहीस. बघायचं, सांधायचं, फुडं चालायचं. रागावलास की दुसरा तुटल्याला दिसत नाही.”

मोबाइलमधल्या बाईने वर्षाची वर्गणी घेऊन सांगितलेलं हेच. तात्या बदलीवाल्याला फुकट सांगताहेत, तेही पोटासाठी.

दुपारी पाणी प्यायला निघता आणि वाट चुकून साळखात्याच्या दारापाशी पोचता. आत मागांचा असा खडखडाट की छातीची फासळी न् फासळी वाजते. एक विणकर दारालगत उभा आहे. त्याच्या धोट्यातलं सूत संपलंय. तो रिकामी कांडी काढतो, भरलेली बसवतो, आणि मग धोटा तोंडाशी नेतो. धोट्याच्या बाजूला एक बारीक भोक आहे. त्याला तो ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. फुस्स. सुताचं टोक भोकातून बाहेर येतं, ओठावर चिकटतं. तो ते बोटाने धरतो, धोटा पेटीत सरकवतो आणि माग चालू होतो. सुताबरोबर किती तंतू छातीत गेले ते त्याला माहीत नाही. दिवसातून किती वेळा असा श्वास ओढायचा तेही तो मोजत नाही.

तुम्ही उंबऱ्यावर पाय टाकणार इतक्यात तात्यांचा हात खांद्यावर पडतो.

“हितं आपलं काम नाही.”

का, ते तुम्ही डोळ्यांनीच विचारता. तात्या धोट्याकडे हनुवटी करतात.

“आज हा धोटा ह्याच्या तोंडी, उद्या दुसऱ्याच्या. माझ्या तोंडचा दोरा कोण तोंडात घेईल?”

साळखात्याची मजुरी सूतखात्यापेक्षा जास्त, आणि दार बंद. बंद कुणी केलं तर मालकाने नाही, शेजारच्या कामगाराने. मुंबईच्या गिरण्यांतही हेच चाललं होतं, आणि १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर हा प्रश्न ठेवला: मागण्यांच्या यादीत आमच्या माणसाला साळखात्यात काम मिळण्याची मागणी का नाही? पुढाऱ्यांनी ती बऱ्याच नाखुशीने घेतली. श्वासाला जात नसते, असं आपण सहज म्हणतो. इथे तिला मोजमाप आहे. सुताच्या टोकावरच्या थुंकीएवढं.

संध्याकाळी तात्या तुम्हाला गर्दीत घेऊन जातात. आज सोलापूर नगरपालिका बाबासाहेबांना मानपत्र देतेय. तुम्हाला व्यासपीठ दिसत नाही, माणसांच्या पाठी दिसतात. तात्यांना आठवतं की १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने मुलांसाठी वसतिगृह काढलं ते याच गावात, आणि नगरपालिका त्याला महिन्याला ४० रुपये देत होती. “चाळीस रुपयं,” ते पुन्हा म्हणतात, आणि त्या आकड्यावर त्यांचा आवाज जरा थरथरतो. पुढे काय बोललं जातंय ते तुम्हाला ऐकू येत नाही. तुमच्या कानात अजून मागांचा खडखडाट आहे. तो हळूहळू बारीक होतो, एकाच चाकाची कुरकुर उरते.

चरखा आहे. म्हातारीच्या हाताखाली कांडी फिरतेय. ऊन मावळलंय, पण जमीन अजून तापलेली आहे. बुधवार पेठेतली वस्ती, १९५७ चा वैशाख. तुमच्या मुठीत पगार आहे. नवे पैसे एप्रिलपासून सुरू झालेत, पण बाजारातला हिशेब अजून आण्यांतच चालतो, त्यामुळे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही फसल्यासारखे दिसतात.

इथे पोचण्याआधीची पाच मिनिटं सांगायची राहिली, आणि खरं तर तीच सांगण्यासारखी आहेत.

गिरणीच्या फाटकापासून वस्तीपर्यंतच्या वाटेवर एक बोळ आहे. मुंबई राज्यात दारूबंदी आहे, म्हणून पाटी नाही, पण पगाराच्या दिवशी त्या बोळाच्या तोंडाशी कोण घुटमळतंय ते सगळ्या गावाला माहीत असतं. गेली अनेक वर्षं तुमचे पाय तिकडे आपोआप वळत होते. गेल्या दसऱ्याला, १४ ऑक्टोबर १९५६ ला, तुम्ही नागपुरात होतात. लाखोंच्या गर्दीत उभं राहून बाबासाहेबांबरोबर बुद्धाचा धम्म घेतलात, बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. त्यातली एक दारू न पिण्याची. त्या दिवशी ती सगळ्यांत सोपी वाटली होती. दोन महिने व्हायच्या आत बाबासाहेब गेले आणि ती एकाएकी जड झाली, कारण आता ती मोडली तर कुणाला तोंड दाखवायचं हा प्रश्न राहिला नाही. तो प्रश्न गेल्यावर प्रतिज्ञा तुमची एकट्याची झाली.

आज बोळ आला. पायाने वळण घेतलं. आणि तुम्हाला ते दिसलं. एवढंच नवीन घडलं: पाय वळताना दिसला. घसा कोरडा पडलाय. जिभेच्या मुळाशी कडवट पाणी आलंय. डाव्या हाताने खिशातली नाणी मुठीत धरलीत. छातीत काहीतरी पुढे ओढतंय, पोहऱ्याचा दोर ओढावा तसं. तुम्ही कडुलिंबाखाली थांबलात. ‘नको’ म्हणाला नाहीत, ‘हवं’ म्हणाला नाहीत. ओढ वाढली, आणखी वाढली, असं वाटलं आता सुटत नाही, आणि मग ती जरा सैल झाली. तेवढ्या फटीतून तुम्ही चार पावलं पुढे आलात. वाण्याकडून पावशेर गूळ घेतलात. पुढच्या पगाराला हेच पुन्हा करावं लागेल, आणि जमेलच असं नाही. बुद्धाच्या भाषेत सांगायचं तर ही संवेदना आणि तृष्णा यांच्यामधली जागा. सोलापुरात ती जागा फाटक आणि वस्ती यांच्यामध्ये एका कडुलिंबाखाली होती.

गूळ बघून म्हातारी काही बोलत नाही. कांडी बाजूला ठेवते आणि खडा तोंडात टाकते. तिच्या मागे भिंतीत देवळी आहे. पूर्वी तिथे देव होते. आता तिथे एका कॅलेंडरातून कापलेलं बुद्धाचं चित्र आहे, आणि खाली तात्यांचा फोटो. तात्यांचा! तुम्ही परत बघता. तेच गालफड, तीच हनुवटी. धोट्याकडे केलेली.

“मालक जाऊन सात वर्सं झाली,” म्हातारी म्हणते. “चल, भंतेजी आल्यात.”

पौर्णिमेचा उजेड आहे. अंगणात सतरंज्या. त्रिशरण आणि पंचशील सगळे एका सुरात म्हणायचा प्रयत्न करतात, पाली शब्द अजून तोंडात बसलेले नाहीत, कुणी पुढे जातं कुणी मागे राहतं. भंतेजी लांबून आलेत, मोडकं हिंदी बोलतात. वस्तीतले मास्तर ते मराठीत सांगतात, आणि मराठीत सांगताना थोडं स्वतःचं घालतात हे सगळ्यांना कळतं.

आज सतिपट्ठान सुत्त. कुरू देशात कम्मासधम्म नावाचं गाव, तिथे बुद्धाने हे सांगितलं. सती म्हणजे नवऱ्यामागे जाणारी नव्हे, मास्तर घाईने खुलासा करतात, सती म्हणजे स्मृती, भान. कातारी लाकूड फिरवताना फेरा लांब घेतला की लांब आणि आखूड घेतला की आखूड, हे जसं त्याच्या हाताला ठाऊक असतं, तसा श्वास लांब आला की लांब, आखूड आला की आखूड, हे ठाऊक असावं. आणि फक्त बसलेलं असताना नाही. चालताना, वळून बघताना, हात आखडताना, जेवताना, चावताना, शौचाला बसताना, लघवी करताना.

म्हातारी मोठ्यांदा हसते. “हागायला बसल्यावरबी?”

बायका पदर तोंडाला लावतात. मास्तर लाजतात, भाषांतर करायचं की नाही ते त्यांना ठरवता येत नाही. भंतेजींना कळलेलं असतं. ते गंभीरपणे मान हलवतात. तेव्हासुद्धा.

मला हे सुत्त आवडतं ते याच जागेसाठी. आपल्याकडे परमार्थ म्हटला की सोवळं आलं, अंघोळ आली, वेळ-काळ आला. इथे शौचकूपापर्यंत सवलत नाही, म्हणजेच कोणतंही काम भानाच्या लायकीचं नाही असं नाही. ज्या माणसांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या नेमकी तीच कामं लादली गेली, त्यांनी हे ऐकून हसावं हे बरोबरच आहे.

मग भंतेजी पुढचं सांगतात, आणि हे मोबाइलमधली बाई कधी सांगत नाही. श्वास आतून बघायचा, बाहेरून बघायचा, आणि आतून-बाहेरून दोन्ही बघायचा.

“भाईरचा म्हंजे कुणाचा?” म्हातारी विचारते.

अट्ठकथेत, म्हणजे सुत्तावरच्या भाष्यात दिलंय, मास्तर सांगतात. दुसऱ्याचा.

अंगण जरा शांत होतं. चरख्यावर झिजलेली तिची बोटं मांडीवर आहेत.

“मालकांचा श्वास धोट्याला लागू नये म्हणून त्यांना तीस वर्सं दाराभाईर ठिवलं,” ती म्हणते. आवाज चढलेला नाही. “त्यो श्वास कुणी बघितला का, इचारा त्यांना.”

मास्तर हे हिंदीत सांगतात. या वेळी स्वतःचं काही घालत नाहीत. भंतेजी बराच वेळ गप्प राहतात. उत्तर म्हणून ते एक गोष्ट सांगायला लागतात, आणि पहिल्या दोन वाक्यांत अंगण, सतरंज्या, चंद्र सगळं विरघळतं.

आळवी नगर. इथे गिरणी नाही, पण आवाज ओळखीचा आहे, हातमागाचा. समोर मोठी सभा बसलीय. बुद्धाचं जेवण झालंय, आणि तो बोलत नाही. तीस योजनं चालून आलेला माणूस गप्प बसलाय आणि कुणाची विचारायची हिंमत नाही. तो वाट बघतोय. कुणाची, ते फक्त तुम्हाला माहीत आहे, कारण ती तुमच्या शेजारून धावत येतेय. सोळा वर्षांची साळ्याची पोर. हातातल्या टोपलीत भरलेल्या कांड्या. तीन वर्षांपूर्वी इथेच त्याने मरणाचं भान ठेवा म्हणून सांगितलं होतं. गाव ऐकून घरी गेलं आणि विसरलं. हिने एकटीने ते रोज, कांड्या भरता भरता, लक्षात ठेवलं. आज बाप म्हणाला, शेला अर्धवट राहिलाय, आधी कांडी आण. मारेल म्हणून ती आधी कांड्या भरून आली.

तो तिला विचारतो, कुठून आलीस? माहीत नाही. कुठे जाणार? माहीत नाही. माहीत नाही? माहीत आहे. माहीत आहे? माहीत नाही. सभेत कुजबुज होते, पोरगी उद्धट आहे. साळ्याच्या घरून आली हे सगळ्या गावाला दिसतंय. ती समजावून सांगते: जन्माआधी कुठून आले ते माहीत नाही, मेल्यावर कुठे जाणार ते माहीत नाही. मरणार हे माहीत आहे. कधी, ते माहीत नाही.

मग ती टोपली उचलून बापाकडे जाते. बाप मागावर बसल्या बसल्या पेंगलाय. टोपली मागाला लागून आवाज होतो, तो दचकून उठतो आणि सवयीने हातातलं मागाचं टोक ओढतो. ते तिच्या छातीत बसतं. तिथेच ती जाते.

सोलापुरावरून धाराशिवकडे गेलं की पुढे तेर लागतं. कुंभार संत गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या गोष्टीतही बाप कामावर आहे आणि मन दुसरीकडे आहे, पायाखाली मूल आहे. फरक असा की तेरला पांडुरंगाच्या कृपेने मूल परत येतं, आळवीत पोर परत येत नाही. (आणि तेर म्हणजे जुनं तगर, जिथून दोन हजार वर्षांपूर्वी गाड्या भरभरून कापड भडोचला जायचं, जिथे उत्खननात विटांचा स्तूप निघाला. तिथल्याही कुणी साळ्याने ही आळवीची गोष्ट ऐकली असेल का, असा विचार येतो. पण तो नुसता विचार.) मला आळवीची गोष्ट जास्त कठोर वाटते आणि जास्त खरी. त्या पोरीचं सगळं भान तिला वाचवू शकलं नाही, कारण माग दुसऱ्याच्या हातात होता आणि तो झोपला होता.

घंटा वाजते. या वेळी संपते. मोबाइलच्या पडद्यावर एक कमळ उमलतं: आजचं सत्र पूर्ण झालं, सलग एकवीस दिवस.

तुम्ही चादर झटकून घडी करता. ती यंत्रमागावर निघालेली. नव्या मागांना आता ताण्याचा धागा तुटला की आपोआप थांबायची सोय असते. बिनधोट्याचे मागही आलेत. त्यांच्यावर ओठ लावून सूत ओढावं लागत नाही.

नऊ वाजता तुम्ही गाडी काढता. सात रस्त्याच्या अलीकडे वाहतूक तुंबलीय. ड्रेनेजचं चेंबर उघडं आहे, भोवती दोन फांद्या टाकल्यात. वर ठेकेदाराचा माणूस मोबाइल बघत उभा आहे. भोकातून एक दोर खाली गेलाय. आत कुणीतरी आहे. डोक्यावर रुमाल बांधलाय, तोंडावर काही नाही. तो खालून काहीतरी म्हणतो, वरच्याला ऐकू जात नाही. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो. तुम्हाला तुमचा श्वास जाणवतो. एकवीस दिवसांचा सराव आहे, जाणवणारच. आखूड झालाय.

सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली, म्हणजे माणसं अजून उतरवली जाताहेत. आत कोण उतरतो आणि कोण कधीच उतरत नाही, हे तात्यांच्या म्हातारीला विचारायची गरज नाही.

असं चेंबर तुम्हाला या आठवड्यात कुठेतरी दिसेलच. गाडी बाजूला घ्या. वरच्या माणसाला विचारा, गॅस तपासला का, पट्टा कुठाय, मास्क कुठाय. उत्तर नसेल तर खालच्याला वर घ्यायला सांगा, आणि तो वर येईपर्यंत तिथून हलू नका.